धारच्या एकोणीस कुंड्या

विनोदिनी पोतनीस नोकरीतून निवृत्त होऊन धारला राहायला आल्या, तेव्हा त्यांचं सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. त्यातली अर्धी जागा कोरफडीच्या कुंड्यांनी अडवली होती. घरमालक विक्रमसिंह दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, बाई वैद्य असाव्यात. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. चौतीस वर्षांत त्यांनी धार जिल्ह्यातली बरीच गावं पाहिली होती. सर्वांत आधी धरमपुरी, मग मनावर, राजगढ, आणि पुन्हा मनावर. लग्न केलं नाही. धाकटी बहीण इरावती देवासला दिली होती. सुट्टी मिळाली की तिच्याकडे, नाहीतर आपली खोली आणि आपल्या कुंड्या.

कोरफडीचा नाद धरमपुरीत लागला. तिथल्या दवाखान्यात जमुनाबाई नावाच्या दाई होत्या. त्यांनी नव्या नर्सबाईंना एक पिल्लू आणून दिलं होतं, बोटाएवढं. तिकडे कोरफडीला सगळे ग्वारपाठा म्हणतात. विनोदिनीबाईंनी ते मोठ्या हौसेनं लावलं आणि दर आठवड्याला त्याला मूठभर लेंडीखत घालू लागल्या. झाड दोन महिन्यांत तरारून आलं. पानं मनगटाएवढी जाड झाली, आणि एके दिवशी सगळी पानं कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबली. हात लावला तर आत नुसतं पाणी. मुळाशी कुजकट वास येत होता.

जमुनाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या की याला भूकच कमी असते, तुम्ही जबरदस्तीनं खाऊ घातलंत. मग त्यांनी दुसरं पिल्लू दिलं आणि सोबत पाटीभर नर्मदेची रेती. आपली काळी माती याला चालत नाही, पाणी धरून ठेवते, असं सांगितलं. ते दुसरं पिल्लू जगलं. बदली झाली की ते सोबत जायचं. त्याला पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली, आणि लोकांनी दिलेल्या ठिपक्यांच्या, काट्यांच्या आणखी चार जाती त्यात आल्या. निवृत्तीच्या वेळी मोजून एकोणीस कुंड्या होत्या.

भाजलं की शेजारीपाजारी पान मागायला येत. बाई आधी त्यांना नळाखाली उभं करायच्या. वीस मिनिटं हातावर वाहतं पाणी, मग बाकीचं. फोड मोठा असेल तर पान देतच नसत, सरळ दवाखान्यात पाठवत.

खताबद्दल त्यांची शिस्त ठरलेली होती. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, थंडी गेल्यावर आणि मोठा उन्हाळा लागायच्या आत. पाण्यात विरघळणारी बागेची पूड, तीही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्यानं. आदल्या दिवशी साधं पाणी द्यायचं, म्हणजे कोरड्या मुळांना खताचा चटका बसत नाही. ओतायचं ते मातीवर, पानांच्या मधल्या खळग्यात नाही. नुकती कुंडी बदललेल्या झाडाला त्या वर्षी उपास. एवढं झालं की पुढच्या मार्चपर्यंत खताचं नाव नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत विक्रमसिंहांनी घराची फरशी उखडायला काढली. भिंतींना ओल आली होती, प्लास्टरही करायचं होतं. दोन महिने लागतील म्हणाले. विनोदिनीबाई जमुनाबाईंकडे राहायला गेल्या. जमुनाबाई आता थकल्या होत्या आणि धारलाच मुलाकडे एका खोलीत राहत होत्या. त्या खोलीत दुसरी खाटच कशीबशी बसली, कुंड्या कुठं ठेवणार.

देवासहून उर्वीचा फोन आला. उर्वी म्हणजे प्रणवची बायको, आणि प्रणव हा इरावतीचा एकुलता एक मुलगा. इरावती जाऊन सहा वर्षं झाली होती, तिचे यजमान त्याच्याही आधी गेले होते. प्रणव देवासच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होता. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. उर्वी म्हणाली, "मावशी, आमची गॅलरी रिकामीच पडली आहे. प्रणव रविवारी गाडी घेऊन येईल, सगळे गमले इकडे पाठवून द्या."

विनोदिनीबाईंनी हो म्हणायला एक दिवस घेतला. प्रणव त्यांच्याशी सणावाराला फोनवर बोलायचा, पण हातचं राखून. इरावती गेल्यापासूनचं हे असं होतं. त्याचं कारण त्यांना माहीत होतं, निदान माहीत आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

रविवारी तो मित्राची व्हॅन घेऊन आला. कुंड्या एकेक करून त्यानं स्वतः उतरवल्या, मधे गोणपाट घातलं. बोलणं बेताचंच झालं. निघताना विनोदिनीबाईंनी त्याच्या हातात दोन कागद दिले. ऊन किती, पाणी कधी, खत कसं, सगळं त्यात पाठपोट लिहिलं होतं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवले आणि "ठीक आहे मावशी" म्हणाला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उर्वीनं फोनवर एक फोटो पाठवला. खाली हिंदीत लिहिलं होतं की पानं अशी का होताहेत. विनोदिनीबाईंनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. सर्वांत मोठी कोरफड, धरमपुरीची, बुडापासून तपकिरी पडली होती. मातीवर पांढरा थर दिसत होता, मीठ पसरल्यासारखा. बाकीच्यांची टोकं जळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या. तिथे गंगवाल स्टँडवर उतरून रिक्षानं दुसऱ्या स्टँडवर गेल्या आणि बारा वाजता देवासला पोचल्या. तिसऱ्या मजल्यावर उर्वीनं दार उघडलं. बाईंनी पाणीही घेतलं नाही, सरळ गॅलरीत गेल्या. समोर टेकडी दिसत होती आणि पायाशी कुंड्यांची रांग होती, अगदी नीट मांडलेली. प्रत्येक कुंडीखाली ताटली होती. माती ओली होती. त्यांनी धरमपुरीच्या झाडाचं एक पान धरलं तर ते हातात आलं.

संध्याकाळी प्रणव कामावरून आला. मावशीची चप्पल दारात बघून त्याच्या काय ते लक्षात आलं. गॅलरीच्या दारात उभा राहून त्यानं आपण काय केलं ते सांगून टाकलं. मावशी येईपर्यंत झाडं छान वाढलेली दिसावीत म्हणून मंडीजवळच्या एका दुकानात जाऊन त्यानं ग्वारपाठ्यासाठी खाद मागितलं. दुकानदारानं युरियाची थैली दिली आणि म्हणाला, मुठ्ठी भर डाल दो भिया, मस्त हरा हो जाएगा. आठ मोठ्या कुंड्यांना मूठमूठ घालून झाल्यावर थैली संपत आली, म्हणून लहान अकरांना त्यानं चिमूटचिमूट टाकलं. खाद गरम असतं असं ऐकलं होतं, त्यामुळे रोज पाणी घालत राहिला.

"मी लिहून दिलं होतं ना रे," विनोदिनीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यांना वाईट वाटलं होतं ते लपलं नाही.

प्रणव आत गेला आणि ते दोन कागद घेऊन आला. कडा मऊ पडल्या होत्या, म्हणजे बऱ्याच वेळा उघडले असणार. त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, कुंडीत खत घालण्याआधी आदल्या दिवशी पाणी द्यावे.

"मावशी, खत म्हणजे चिट्ठी ना? आणि कुंडी म्हणजे दरवाज्याची कडी. मला वाटलं, तुला चिट्ठी लिहून दाराला अडकवायची आहे की काय. वर लिहिलंय थेट ऊन लागू देऊ नये. मी म्हटलं, स्वेटर विणायचं ऊन इथे कुठून आलं?"

उर्वीला हसू आलं, मग मावशींकडे बघून तिनं ते आवरलं. विनोदिनीबाई कागदाकडे बघत राहिल्या. हे घर मराठी बोलत होतं, पण इरावतीच्या स्वयंपाकघरात कुंडी म्हणजे गमला होता, खत म्हणजे खाद आणि ऊन म्हणजे धूप. पोरगं हिंदी शाळेत शिकलं. अक्षरं तीच, म्हणून वाचता येत असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. शिवाय त्यांचं अक्षर जुन्या वळणाचं, घाईचं, एकात एक गुंतलेलं.

"मग फोन करून विचारायचं नाहीस?"

"लाज वाटली," प्रणव म्हणाला.

त्या रात्री जेवून सगळे लवकर झोपले. सकाळी विनोदिनीबाईंनी पदर खोचला. प्रणवला शनिवारची सुट्टी होती. दोघांनी मिळून काम काढलं. आधी मातीवरचा पांढरा थर चमच्यानं खरवडून टाकला. आठ मोठी झाडं उपटून पाहिली, मुळं काळी पडून हाताला चिकटत होती. त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं. धरमपुरीचं झाड बाईंनी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं, एखादं पिल्लू शाबूत आहे का म्हणून बुडाशी बोट घालून चाचपलं, आणि मग तेही बाजूला ठेवलं. जवळपास चाळीस वर्षांचं झाड होतं. प्रणव त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या इतकंच म्हणाल्या, "पुढची घे."

लहान अकरांमध्ये जीव होता. त्यांच्या मुळांवरची माती झाडून टाकली, मुळं साध्या पाण्यात दोन-तीनदा धुतली, कुजलेला भाग कात्रीनं कापला आणि गॅलरीच्या सावलीत वर्तमानपत्रावर सगळी झाडं वाळत घातली. कापलेल्या जागेवर खपली धरायला चार-पाच दिवस हवेत, तोपर्यंत माती नाही आणि पाणीही नाही, असं बाईंनी सांगितलं. प्रणवला ते विचित्र वाटलं. आजारी झाडाला काहीच द्यायचं नाही?

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "लावल्यावरसुद्धा आठवडाभर कोरडंच. आणि खत आता पुढच्या वर्षी."

रविवारी दुपारी उर्वी माहेरी एका बारशाला गेली. विनोदिनीबाई गॅलरीत खुर्ची टाकून रेती चाळत होत्या. प्रणव बाहेर आला तो हातात पाकिटं घेऊन. सहा पाकिटं होती. सगळ्यांवर त्यांचंच अक्षर.

विनोदिनीबाई दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला पत्र लिहीत, तो सात वर्षांचा झाल्यापासून. ही सहा इरावती गेल्यानंतरची होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"आई वाचून दाखवायची," प्रणव म्हणाला. "ती गेल्यावर कोण वाचणार? मी करून बघितलं. अनेक उत्तम आशीर्वाद इथपर्यंत यायचं, पुढे अडायचं."

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचीस."

"पहिल्या पत्रात काय असेल ते मला माहीत होतं. म्हणजे, कशाबद्दल असेल ते. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायची हिंमत नाही झाली." त्यानं वरचं पाकीट पुढे केलं. "तू वाच."

विनोदिनीबाईंनी कागद काढला, चष्मा लावला, आणि पहिली ओळ मनातच वाचली. त्यांनी पत्र परत त्याच्याकडे दिलं. म्हणाल्या, "तूच वाच. मी सांगते अडलं तर."

मग तो वाचू लागला, एकेक अक्षर जोडत, बोट ओळीखाली धरून.

चि. प्रणव यास विनोदिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. तू मला त्या दिवशी विचारलेस की मला आधी का कळवले नाही. त्याचे उत्तर तेव्हा माझ्याने देववले नाही. सकाळी सव्वानऊला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आता फार वेळ नाही. मी फोन हातात घेतला होता. इरूने माझे मनगट धरले.

"मनगट?" त्यानं विचारलं.

विनोदिनीबाईंनी आपल्या उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरून दाखवलं.

त्या हाताकडे बघून तो पुन्हा कागदाकडे वळला.

ती म्हणाली, ताई, दहाला त्याचा पेपर आहे. शेवटचा आहे, तो होऊ दे. मी म्हटले, नंतर तो मला जाब विचारील. ती म्हणाली, तेव्हा सांग की मी सांगितले होते. मी नर्स आहे, वेळ किती उरली ते मला कळत होते. तरी मी तिचे ऐकले. यात चूक असेल तर ती माझी, तिची नव्हे. तिला त्रास झाला नाही. तुझे नाव घेतले ते हाक मारण्यासारखे नाही, बोलता बोलता घ्यावे तसे. तुला वाटेल तेव्हा मला क्षमा कर.

एवढ्या ओळी वाचायला पाऊण तास लागला. देववले नाही, जाब, कळवले, असे शब्द आले की तो थांबायचा, बाई अर्थ सांगायच्या, मग तो मागून पुन्हा वाचत यायचा. त्यामुळे काही ओळी तीन-तीनदा वाचून झाल्या. खाली कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत गेलं. वर्तमानपत्रावरची झाडं वाऱ्यानं हलली, तर त्यानं उठून कोपऱ्यावर एक कुंडी ठेवली आणि परत येऊन बसला.

"तिनं सांगितलं होतं तर," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटत होतं, ती मला बोलवत राहिली आणि तुम्ही लोकांनी..." पुढचं त्यानं सोडून दिलं. मग म्हणाला, "तो पेपर सोपा होता, मावशी. मी अर्धा तास आधीच बाहेर आलो. कँटीनमध्ये चहा पीत बसलो होतो. फोन बॅगेत बंद होता."

"किती वाजता?"

"साडेबारा."

इरावती साडेबारालाच गेली होती. विनोदिनीबाईंना ते माहीत होतं, त्यालाही होतं. इंदूरची परीक्षा आणि देवासचा दवाखाना यांत तासाभराचंही अंतर नव्हतं. आयुष्यभर विनोदिनीबाईंनी रुग्णांच्या नातेवाइकांना काहीतरी सांगून शांत केलं होतं, पण इथे तसं काही सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी त्या बोलल्या नसत्या. त्यांनी रेतीची चाळणी खाली ठेवली आणि खुर्ची जरा त्याच्याजवळ ओढली. तो रडला, फार वेळ नाही. मग आत जाऊन तोंड धुऊन आला आणि त्यानंच चहा ठेवला.

सहा वर्षं बाई समजत होत्या की पोरानं आपल्याला माफ केलं नाही. दर वाढदिवसाला पत्र टाकताना त्यांना वाटायचं, या वर्षी तरी. तो मात्र पाकिटं कपाटात ठेवून, मावशीनं आपल्याला काय लिहिलं असेल याची धास्ती घेऊन बसला होता.

विनोदिनीबाई देवासला नऊ दिवस राहिल्या. सहाव्या दिवशी अकरा झाडांना खपली धरली. एक भाग माती आणि दोन भाग रेती, असं मिश्रण करून प्रणवनं ती लावली. पहिल्या चार कुंड्या बाईंनी बघून दिल्या, पुढच्या सात त्यानं एकट्यानं भरल्या. खाली ठेवलेल्या ताटल्या बाईंनी उर्वीला परत स्वयंपाकघरात न्यायला लावल्या, कारण पाणी वाहून गेलं पाहिजे, साचून राहता कामा नये.

निघायच्या आदल्या दिवशी उर्वीनं विचारलं की आता सगळं हिंदीत लिहून द्याल का. विनोदिनीबाई तयार होत्या. प्रणवच म्हणाला, "मराठीतच लिही, मावशी. फक्त सुटं सुटं लिही, आणि मोठं." त्यांनी तसं लिहिलं. दोन कागदांचे चार झाले.

एप्रिलच्या मध्याला विक्रमसिंहांची फरशी झाली. बाईंनी पाच कुंड्या धारला नेल्या, सहा देवासच्या गॅलरीत ठेवल्या. त्यातली एक पावसाळ्यात गेली. बाकीच्या पाच टिकल्या, पण वर्षभर वाढल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रणव अधूनमधून फोन करून तक्रार करायचा की नवं पान येत नाही, थोडं तरी देऊ का. बाई नको म्हणायच्या. मुळं आधी नीट होऊ देत. बाई भेटायला गेलेल्या असल्या की जमुनाबाई खाटेवरून हे ऐकत असत. एकदा त्यांनी फोन मागून घेतला आणि प्रणवला सांगितलं की तुझी मावशी धरमपुरीला तुझ्यासारखीच घाई करायची.

पुढच्या मार्चमध्ये प्रणवनं पहिल्यांदा मापानं खत दिलं. दोन लिटर पाण्यात पाव चमचा पूड. चमच्यावरून सुरी फिरवून त्यानं तो सपाट केला, कारखान्यात करतात तसा. आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. महिन्याभरात दोन कुंड्यांत मधोमध नवं पान निघालं, फिकट आणि अगदी सरळ. त्याचा फोटो त्यानं धारला पाठवला.

राहिलेली पाच पत्रं त्यानं एकदम वाचली नाहीत. दोन-तीन महिन्यांनी तो आणि उर्वी धारला येतात, तेव्हा तो एक पाकीट सोबत आणतो आणि जेवण झाल्यावर बाईंच्या समोर बसून मोठ्यानं वाचतो. आता पाऊण तास लागत नाही. दुसऱ्या पत्रात इरावतीच्या लहानपणाच्या दोन गोष्टी निघाल्या, त्या ऐकून तो खूप हसला. तिसऱ्यात तसं काहीच नव्हतं. त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, विक्रमसिंहांनी कुत्रा पाळला होता आणि तो विनोदिनीबाईंची एक चप्पल घेऊन गेला होता, एवढंच. प्रणवनं तेही बोट ओळीखाली धरून शेवटपर्यंत वाचलं, आणि मग विचारलं की चप्पल मिळाली का.